कापडांचं बारसं करणारी बेंत्सिवा

पडदा वर जातो तेव्हा सकाळ असते. केप कोस्टचा कोटोकुराबा बाजार नुकता जागा झालेला. मागे तळणीच्या माशांचा धूर, डावीकडे इनॅमलच्या घमेल्यांचे ढीग, उजवीकडे कापडवाल्या बायकांची लांब ओळ. मध्यभागी एक बुटकं लाकडी स्टूल आणि त्यावर एक भरदार बाई. मांडीवर केळीच्या पानातली केन्की, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, बोटं मिरचीच्या चटणीनं लाल. तिच्यापुढे दोन मुली एका नव्या कापडाची टोकं धरून उभ्या आहेत. ओळीतल्या सगळ्या बायका गप्प आहेत. एरवी त्यांना गप्प बसवायला पोलीस लागत.

बाई घास गिळते. डावा डोळा मिटते आणि उजव्यानं कापडाकडे बघत राहते.

ही मामे बेंत्सिवा. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मामे म्हणतात, आणि तिला तर तिच्याहून म्हाताऱ्या बायकाही मामे म्हणत. आयुष्यभर मी फिरत्या नाटक मंडळीत बायकांची कामं केली. खेळ कुठेही असो, केप कोस्टला मुक्काम पडला की सकाळी तोंडावरची पावडर धुऊन आधी तिच्या गाळ्यावर जायचो. मोठमोठे नट मी पाहिले. पण नुसतं बसून, एक डोळा मिटून, सगळी ओळ श्वास धरायला लावणारी बाई एकच पाहिली.

कारखान्यातून मेणछापाचं कापड येतं ते फक्त नंबर घेऊन. नंबर कोण नेसणार? आमची बाई कापड नेसते ते काहीतरी बोलायला. नवऱ्याला, सवतीला, शेजारणीला जे तोंडानं सांगता येत नाही ते कमरेला गुंडाळून त्यांच्या दारावरून जाते. म्हणून कापडाला नाव लागतं. नाव चिकटलं तर ठाणच्या ठाण उडतं. नाही चिकटलं तर उंदीर खातात. आणि तीस-एक वर्षं केप कोस्टमध्ये चिकटणारी नावं एकाच तोंडातून आली.

एकदा विटकरी रंगाचं कापड आलं, त्यावर पांढरी बारीक नक्षी. कंपनीचा माणूस म्हणाला, ही नेच्याची पानं आहेत. मामेनं डोळा मिटला आणि म्हणाली, "जावई जेवून गेला." त्याबरोबर सगळ्यांना दिसलं: ताटात उरलेले माशाचे काटे, शेपटीपासून डोक्यापर्यंत चाटून साफ केलेले. त्यानंतर ते पान म्हणून कोणाला दिसलंच नाही. दुसऱ्या एका कापडावर उभ्या काळ्या पट्ट्या आणि वर आडव्या काड्या होत्या. त्याचं नाव पडलं "खांब आले, दिवे नाहीत". ते नेसून बायका जिल्हाधिकाऱ्याच्या स्वागताला गेल्या. तो बिचारा हसून हात हलवत राहिला.

चित्रकलेचं मला काही कळत नाही. पण त्या स्टुलाशेजारी उभं राहून एवढं कळलं की चित्र भिंतीवर शोधायला जायला नको. ते माशाच्या गाडीवर, नळावर, चर्चच्या बाकावर आपल्या पुढ्यात बसलेलं असतं. फक्त कोणीतरी 'हे बघ' म्हणायला हवं. मामे तेवढं म्हणायची. त्यात दया मात्र नसायची.

मलाही ती सोडायची नाही, चिडवून सिस्टर म्हणायची. तिच्यापुढे मी एकदा नवी बायकी चाल चालून दाखवली, कमरेवर हात, मान तिरकी. ती काटा दातातून काढत म्हणाली, "सिस्टर, तू बाईसारखा चालतोस. बाईसारखा थकत नाहीस. म्हणून खोटं दिसतं."

त्या रात्रीपासून मी थकून चालायला लागलो. टाळ्या दुप्पट झाल्या.

तिचा जन्म खालच्या कोळीवाड्यात झाला. आई धुरावलेले मासे विकायची. शाळा तिनं बाहेरून पाहिली. नवरा लॉरी चालवायचा, तो एक दिवस कुमासीला गेला तो तिथल्याच एकीकडे राहिला. मामेनं पुढच्या गठ्ठ्यातल्या एका सरळ पट्ट्यांच्या कापडाला नाव दिलं, "कुमासीचा रस्ता सरळ आहे", आणि ते स्वतः नेसून त्याच्या आईला भेटून आली. मूल तिला झालं नाही. त्याबद्दल बाजारात कोणी चकार शब्द काढत नसे. तिच्याबद्दल बोललेलं उद्या सगळ्या गावाच्या अंगावर आलं तर, ही भीती.

शेजारचा गाळा अराबा ओतुवाचा. ही मामेची लहानपणची मैत्रीण. दोघी एका वाडग्यातून जेवलेल्या. ओतुवा किडकिडीत, हळू बोलणारी. तिनं तीन मुलं पुरली होती. चौथा मुलगा झाला तेव्हा घरच्यांनी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे केलं: त्याच्या गालावर एक छोटी चीर दिली आणि नाव ठेवलं सुमिना, म्हणजे उकिरडा. मरण दारात आलं तर त्यानं म्हणावं, हे कसलं घाण पोर, याला कोण नेईल. ओतुवा त्याला पाठीला बांधून दुकानात बसायची. कोणी कौतुक केलं तर घाईनं म्हणायची, "कुरूप आहे हो. बघू नका."

आता जे झालं ते एका चांगल्या गोष्टीतून झालं. मामे एल्मिनाला कोणाच्या तरी मयताला गेली होती. इकडे ओतुवाच्या गाळ्यावर एक गिऱ्हाईक आलं आणि निळ्या कापडावर ओघळणारे पांढरे ठिपके बघून विचारलं, "याचं नाव काय?" ओतुवानं क्षणभर बघितलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "आईनं मोजलं नाही."

तांदूळ वाढणारा हात. बायकांना लगेच दिसला. दोन बाजारांच्या दिवसांत कापड संपलं.

मामे परत आली. बायकांनी तिला सांगितलं. कोणी हसत, कोणी तिच्या तोंडाकडे चोरून बघत. मामे म्हणाली, "छान आहे." ओतुवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अगं, तुलाही दिसायला लागलं की."

ओतुवा लाजली. तिला ते खरं वाटलं.

पुढचा गठ्ठा हरमतानच्या, वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या, धुळीच्या दिवसांत आला. त्यातलं एक कापड उघडलं आणि ओळीतून बारीक आवाज निघाला, इतकं ते सुंदर होतं. रात्रीच्या समुद्रासारखी गडद जमीन, तिच्यावर पांढरे लंबगोल, प्रत्येकाला तडा गेलेला, आणि तड्यातून एक पिवळा थेंब. मी आजवर पाहिलेलं ते सगळ्यात देखणं कापड. मुलींनी टोकं धरली. मामेनं केन्कीचा घास घेतला, डोळा मिटला. या वेळी तिला बघायला वेळ लागला नाही.

"ओतुवाची अंडी," ती म्हणाली.

ओतुवा आपल्या गाळ्यात उभी होती, पाठीवर पोर. मग दूर टोकाला एक बाई हसली. हसायचं नव्हतं तिला, खोकल्यासारखं निघून गेलं. तिच्या शेजारची हसली. मग ओळ हसली. मी तिथे होतो, आणि सांगतो, त्यातल्या निम्म्या बायकांनी ओतुवाच्या मुलांच्या मातीला हात लावला होता. तरी त्या हसल्या. कारण नाव बरोबर होतं.

ते कापड वणव्यासारखं गेलं. बारशाला बायका ते नेसून आल्या. चर्चमध्ये एका बाकावर पाच-पाच जणी त्याच कापडात. आमच्या मंडळीच्या मालकानं ते रंगमंचावर आणू दिलं नाही, कारण ओतुवा त्याच्या आजोळची. पण त्या कापडाला रंगमंचाची गरजच पडली नाही. ओतुवाच्या गाळ्यावरही गिऱ्हाईक यायचं आणि तिला न ओळखता तिलाच विचारायचं, "बाई, ओतुवाची अंडी आहेत का?" ती बोट दाखवायची.

"शेजारी."

एक दिवस ती मामेपुढे आली. आमच्याकडे विनंतीला जावं तशी, जिन दारूची हिरवी बाटली घेऊन. पाठीवर सुमिना झोपलेला. ती गुडघ्यावर बसली.

"बेंत्सिवा, नाव मागे घे."

"बस की नीट. गुडघे दुखतील."

"मी तुझं काही घेतलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. परत कधी नाव देणार नाही. शपथ घेते."

"अगं, नाव मी कुठे दिलं? कापडानं मागितलं."

"माझं पोर आहे गं पाठीवर. त्याला मी लपवून ठेवलंय. तू गावभर ओरडतेयस, ओतुवाकडे आहे, ओतुवाकडे आहे."

मामेनं मुलींना खूण केली. त्यांनी कापड धरलं.

"बघ," मामे म्हणाली. "नीट बघ आणि दुसरं नाव सांग. तुलाही दिसतं ना आता. याहून खरं नाव सांगितलंस तर आजपासून तेच."

ओतुवा बघत राहिली. मी पिंप उलटं करून त्यावर बसलो होतो, मीही मनात शोधत होतो. चंद्र म्हणावं, डोळे म्हणावं, भाकरी म्हणावी. काहीच बसेना. ओतुवाचे ओठ दोनदा हलले. तडे होते, पिवळा थेंब होता. पाठीवरचं पोर झोपेत हुंकारलं.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

"मग," मामे म्हणाली, आणि बाटलीचं झाकण उघडून पितरांसाठी थोडी जमिनीवर ओतली, थोडी स्वतः प्यायली.

त्या वर्षी गोवराची साथ आली. सुमिना तीत गेला. गोवरानं गावातली आणखीही मुलं गेली, हे मी ओतुवाला सांगितलं, सगळ्यांनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "त्याचं नाव चांगलं होतं. चांगलं लपलं होतं पोर."

दुसऱ्या सोमवारी ती गाळ्यावर आली. गाळा सोडला नाही, ओळ सोडली नाही. फक्त त्या दिवसापासून बेंत्सिवाशी एक शब्द बोलली नाही. दोघींमध्ये एक फळकुट होतं, त्यावर दोघी हात टेकायच्या.

मामे पुढे कितीतरी नावं देत राहिली. एकदा मी धीर करून विचारलं, "मामे, ओतुवाचं ते चुकलं का गं?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या भाकरीत खडा काढला.

"ती सांगू शकली का दुसरं?"

"नाही."

"मग चूक कसली?"

माणूस असं का होतं ते मला सांगता येत नाही. रंगमंचावर दुष्ट बाई करताना मी भुवया वाकड्या करायचो. हिच्या भुवया सरळ होत्या. मी तरी तिच्याकडे जात राहिलो. तिच्या हातची चटणी आवडायची, आणि तिच्याशेजारी बसलं की जग धुऊन ठेवल्यासारखं दिसायचं.

मग तिचं वय झालं. एका पहाटे अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय गेला आणि डावी पापणी पडली ती पडलीच. आता ती जेवताना, झोपेतून उठताना, शिव्या देताना, सदा एक डोळा मिटलेलाच. लोक तिला बघून म्हणत, मामे अजून कापड बघतेय. गाळा भाची मान्साकडे गेला, आमच्याकडे वारसा बहिणीच्या पोरीकडे जातो तसा.

मामेच्या जागी बाजाराला नवी राणी हवी होती. कापडवाल्या बायका आपली राणी आपण निवडतात. नवं ठाण आधी तिच्या मांडीवर, नाव आधी तिच्या तोंडून. त्यांनी ओतुवाला निवडलं. वयानं ती मोठी, हाताची सरळ, आणि त्या जुन्या हसण्याची भरपाईही असेल. ओतुवा नावं द्यायला लागली. साधी नावं. चिकटायची.

आमच्यात एक नियम आहे: स्वतःचं किंवा आपल्या रक्ताच्या माणसाचं नाव आपण कापडाला द्यायचं नाही. ते दुसऱ्यानं द्यावं. मरणानंतर बाईचं थडगं समुद्र खातो, कापडावर नाव पडलं तर ते नाती नेसतात. मामेनं गावच्या अर्ध्या माणसांना कापडावर घातलं. तिला कोणी घातलं नव्हतं. आणि आता खाटेवर पडून तिला एवढंच हवं होतं. मला ती लपवून सांगत नसे. "सिस्टर, माझं एक हवं," म्हणायची. "एक पुरे."

आणि तसं कापड आलं. पिकलेल्या पपईच्या रंगाची जमीन, त्यावर जांभळ्या पानांच्या रांगा: एक पान उघडं, एक मिटलेलं, मग उघडं, मग मिटलेलं. मान्सानं गठ्ठा फोडला आणि बायका हसायला लागल्या, कारण सगळ्यांना एकदमच दिसलं. रांगेनं मामे बेंत्सिवा बसल्या होत्या.

पहिलं ठाण ओतुवाच्या मांडीवर ठेवलं. तिनं हात फिरवला. म्हणाली, "नंबरानं विका."

बातमी खाटेपर्यंत गेली. मामेनं टॅक्सी मागवली. मी आणि मान्सानं तिला खुर्चीसकट उचलून बाजारात नेलं. मांडीवर जिनची हिरवी बाटली. ओळ गप्प झाली, जुन्या दिवसांसारखी. इतक्या वर्षांनी दोघी एकमेकींशी बोलल्या.

"अराबा," मामे म्हणाली. जीभ जड होती, शब्द चिखलातून पाय काढावा तसा निघत होता. "बाटली आणलीय."

"दिसतेय."

"कापडाला नाव दे."

"पानं आहेत ती. पानांना काय नाव द्यायचं?"

"सगळ्यांना दिसतंय."

"मला नाही दिसत काही."

"नीट बघ."

ओतुवानं मुलींना खूण केली. त्यांनी टोकं धरली. ओतुवानं खूप वेळ बघितलं, मुद्दाम, पूर्ण. मग म्हणाली, "कापड मागेल तेच द्यायचं, तूच म्हणायचीस. हे काही मागत नाही."

"शिवी दे मग." मामेच्या वाकड्या ओठातून लाळ गळत होती, मान्सा पुसायला गेली तर तिनं हात झटकला. "बेंत्सिवाची जीभ म्हण. बेंत्सिवाचं विष म्हण. वांझ बेंत्सिवा म्हण. काहीही म्हण, पण नाव घाल."

ओळीतल्या एका बाईनं पदरात तोंड लपवलं. मला वाटलं, आता ओतुवा विरघळेल. नाटकात विरघळली असती; मी ते काम शंभर वेळा केलंय, त्या जागी हुंदका येतो आणि बाजा वाजतो. ओतुवानं बाटली उचलली, झाकण तपासलं आणि मामेच्या मांडीवर परत ठेवली.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तुझ्या मयताला लागेल."

मग गिऱ्हाईकाकडे वळली.

त्यानंतर ते कापड कोटोकुराबात पडून राहिलं. सगळ्यांना ते कोण आहे ते माहीत होतं. राणीसमोर तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती, आणि मान्साला बोलायचा हक्क नव्हता, रक्ताची होती ती. इतकं देखणं कापड, पण बायका हात लावून पुढे जायच्या. मान्साच्या गाळ्यात त्याची थप्पी छताला लागली होती.

मामेनं खाणं सोडलं. मी दुपारचा जाऊन बसायचो. जुन्या खेळांतली गाणी म्हणायचो, ती चूक काढायची. मग चूकही काढेनाशी झाली. एका दुपारी मान्सानं तेच कापड तिच्या पायांवर घातलं, थंडी वाजत होती म्हणून. मामेनं मान वळवली. उघडा डोळा त्या पानांवर फिरायला लागला आणि मी तो चेहरा ओळखला. केन्की नव्हती, स्टूल नव्हतं, पण बाई कामाला बसली होती.

"मान्सा," मी म्हणालो, "इकडे ये. मामे बघतेय."

मान्सा आली, तोंडाशी कान नेला. मामेनं सावकाश, एकेक शब्द सोडवत, नाव सांगितलं. नियम तिनं मोडला नाही. तिचं स्वतःचं नाव त्यात नव्हतं. मान्सा आधी दचकली आणि मग तिला हसू आवरेना. मावशी मरत होती आणि पोरगी पदर तोंडात कोंबून हसत होती. मीही हसलो. त्या पहिल्या दिवशी ओळ हसली होती तसाच.

मामे त्यानंतर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. मयत पुरं व्हायच्या आत कापडाची थप्पी संपली. आज ते केप कोस्टमध्ये, एल्मिनात, सॉल्टपाँडमध्ये बारशाला, चर्चला, नळावर सगळीकडे आहे. ते नेसलेल्या बायका ओतुवाच्या गाळ्यावरून रोज जातात. नवीन गिऱ्हाईक, चेहरा न ओळखणारं, ओतुवालाच विचारतं, ते कापड आहे का, आणि तिचं नाव तिच्याच तोंडावर घेतं. ओतुवा आता फार म्हातारी झालीय, हात थरथरतो. तरी ती बोट उचलून दाखवते. शेजारी.

खाटेवर मामेनं जे सांगितलं, ते हे:

"ओतुवाला दिसलं नाही ते."